ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपी किती: ३८, ३६ की ३२?

प्रश्न: एका ग्लुकोजपासून कुठे ३८ एटीपी (पेशी कामासाठी खर्च करते तो ऊर्जावाहक रेणू) मिळतात असं लिहिलेलं असतं, कुठे ३६, तर कुठे ३० किंवा ३२. यातलं बरोबर कोणतं? एटीपीच्या बंधात ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर पडते, हे खरं का? आणि वनस्पतींना उजेडातून एटीपी मिळतंच, तर मग त्यांना श्वसनाची गरज काय?

उत्तर: आज ३० ते ३२ असा हिशेब धरतात. परीक्षेपुरतं मात्र नेमलेल्या पुस्तकात जो आकडा असेल तोच लिहावा, कारण काही पुस्तकं अजून ३८ वरच आहेत. ३८ लिहिणाऱ्यांची बेरीज चुकलेली नव्हती, गृहीतक चुकलं होतं. ते नेमकं कुठे मोडलं हे समजलं की पेशी ऊर्जा कशी कमावते याचा निम्मा उलगडा होतो.

आधी जमाखर्च मांडू. पेशीद्रवात ग्लुकोजचं दहा पायऱ्यांत विघटन होऊन पायरुव्हेटचे दोन रेणू बनतात. पहिल्या आणि तिसऱ्या पायरीला एकेक एटीपी खर्च होतं, पुढे चार मिळतात. निव्वळ कमाई २ एटीपी आणि २ एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू). पायरुव्हेट तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) शिरतं, त्याचा एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि उरलेला दोन कार्बनांचा तुकडा को-एन्झाइम ए ला चिकटतो. इथे दोन्ही पायरुव्हेटचे मिळून २ एनएडीएच. पुढे हा तुकडा क्रेब चक्र या अभिक्रियांच्या वर्तुळात जातो; त्याच्या एका फेरीत ३ एनएडीएच, १ एफएडीएच२ (इलेक्ट्रॉनांचा दुसरा वाहक) आणि १ एटीपी (काही ऊतींत जीटीपी, किंमत तीच). ग्लुकोजमागे फेऱ्या दोन. एकूण: थेट हाती आलेले एटीपी ४, एनएडीएच १०, एफएडीएच२ २.

इथपर्यंत कुणाचाच वाद नाही. ग्लुकोजचे सहाही कार्बन एव्हाना वायू होऊन गेलेले आहेत आणि ऑक्सिजनचा अजून एक रेणूही वापरला गेलेला नाही, हे मात्र बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये जो ऑक्सिजन असतो तो आपण आत घेतलेला नसतोच. आत घेतलेल्या ऑक्सिजनचं शेवटी पाणी होतं.

वाद आहे तो त्या १० आणि २ चे एटीपी किती करायचे यात. एनएडीएच म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून आणणारा हमाल. तो आपले दोन इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलावरच्या साखळीला देतो आणि ते उतरत उतरत ऑक्सिजनपर्यंत जातात. विसाव्या शतकाच्या मध्यावर लोकांनी ऑक्सिजनचा एक अणू खर्च होताना फॉस्फेटचे किती रेणू एडीपीला (एक फॉस्फेट कमी असलेल्या एटीपीला) जोडले जातात हे मोजलं. एनएडीएचसाठी उत्तर २ आणि ३ च्या मधे येई. साखळीत ऊर्जा सुटणाऱ्या जागा तीन. प्रत्येक जागी एखादं रासायनिक संयुग तयार होऊन त्यातून एकेक एटीपी बनत असणार, अशी तेव्हाची समजूत. रासायनिक अभिक्रियेत अडीच रेणू कसे बनतील? मोजमापात थोडं वाया जात असेल असं समजून आकडा ३ वर नेला, आणि एफएडीएच२ ची एक जागा हुकते म्हणून त्याला २. मग १० × ३, अधिक २ × २, अधिक ४, झाले ३८. पेशीद्रवातल्या २ एनएडीएचना तंतुकणिकेचं आतलं पटल ओलांडता येत नाही, त्यांचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या वाहकाकरवी आत पोचवावे लागतात. त्या वाहकाने ते एफएडीला दिले तर प्रत्येकी एक एटीपी कमी, म्हणून ३६.

ते मधलं संयुग अनेक प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं शोधलं. सापडलं नाही, कारण ते नव्हतंच. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलं की साखळी इलेक्ट्रॉन उतरवताना प्रोटॉन पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलते, आणि ते परत येताना एटीपी बनतं. म्हणजे धरणच: आधी पाणी वर चढवायचं, मग ते चक्रावरून खाली सोडायचं. ही कल्पना पचायला बराच काळ लागला. मिचेल यांना नोबेल मिळालं ते १९७८ मध्ये. मधल्या काळात तिचा सर्वांत नेटका पुरावा श्वसनातून नाही, हरितलवकांतून आला. आंद्रे जॅगेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी १९६६ मध्ये हरितलवकांची आतली पटलं अंधारात पीएच ४ च्या आम्ल द्रावणात मुरू दिली आणि मग एडीपी व फॉस्फेट असलेल्या पीएच ८ च्या द्रावणात टाकली. प्रकाशाचा कण नाही, साखर नाही, तरी एटीपी बनलं. फक्त आतलं आम्ल बाहेर यायला धडपडत होतं, तेवढं पुरलं.

आता मोजणी प्रोटॉनांची. एका एनएडीएचच्या दोन इलेक्ट्रॉनांमागे साखळीचा पहिला संकुल (प्रथिनांचा समूह) ४ प्रोटॉन बाहेर टाकतो, तिसरा ४, चौथा २, एकूण १०. एफएडीएच२ पहिल्या संकुलाला वगळून मधेच घुसतं, म्हणून त्याचे ६. परत येताना एक एटीपी बनवायला सुमारे ३ प्रोटॉन लागतात, आणि फॉस्फेट आत आणणं व तयार एटीपी बाहेर पाठवणं यापायी आणखी १. चाराने भागलं की एनएडीएचला २.५, एफएडीएच२ ला १.५. म्हणजे तंतुकणिकेतल्या ८ एनएडीएचचे २०, एफएडीएच२ चे ३, थेट मिळालेले ४: झाले २७. पेशीद्रवातल्या दोन एनएडीएचचे इलेक्ट्रॉन मॅलेट वाहकातून आत गेले तर ५ मिळून ३२, ग्लिसरॉल फॉस्फेट वाहकातून गेले तर ३ मिळून ३०. हृदय आणि यकृतात पहिली वाट चालते, कंकाल स्नायू आणि मेंदूत दुसरीचा वाटा मोठा.

ते ‘सुमारे ३’ कुठून आलं? एटीपी बनवणारं विकर (एन्झाइम) हे खरोखर फिरणारं यंत्र आहे. पटलात रुतलेल्या त्याच्या चकतीला ठरावीक पाकळ्या असतात. प्रत्येक प्रोटॉन एक पाकळी पुढे सरकवतो आणि पूर्ण फेरीत वरच्या डोक्यात तीन एटीपी बनतात. सस्तन प्राण्यांत पाकळ्या ८, यीस्टमध्ये १०, पालकाच्या हरितलवकात १४. आठाला तीनने भागा, २.६७. त्यामुळे प्राण्यांसाठी काटेकोर हिशेब केला तर एनएडीएचमागे २.७ येतात आणि एकूण बेरीज ३२ च्या थोडी वर जाते. पण पुस्तकं २.५ वरच थांबतात आणि ते योग्यच आहे, कारण हे पटल गळकं असतं. काही प्रोटॉन यंत्रात न जाता तसेच झिरपतात. विश्रांत अवस्थेत सस्तन प्राणी जो ऑक्सिजन वापरतात त्यातला साधारण पाचवा हिस्सा या गळतीची भरपाई करण्यात जातो. म्हणून ‘एका ग्लुकोजमागे नेमके इतके’ असा स्थिर आकडा निसर्गात नसतोच; ३० ते ३२ ही वरची मर्यादा समजावी.

गळती मुद्दाम वाढवता येते. नवजात बालकांत आणि शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्यांत तपकिरी मेद असतो; त्याच्या तंतुकणिकांत प्रोटॉनांना जाऊ देणारं एक प्रथिन असतं, त्यामुळे एटीपी न बनता नुसती उष्णता मिळते आणि थंडीत तीच हवी असते. डायनायट्रोफिनॉल हे रसायन हेच काम साऱ्या शरीरात करतं. १९३३ पासून अमेरिकेत ते वजन उतरवण्यासाठी विकलं गेलं. वजन उतरे, पण मात्रा जरा चढली की ताप आवरत नसे, मोतीबिंदू होत, माणसं दगावत. १९३८ मध्ये ते बंद केलं गेलं. त्याला उतारा नाही. सायनाइडचं बरोबर उलट आहे. ते चौथ्या संकुलावर बसून इलेक्ट्रॉनांची वाटच अडवतं, म्हणून रक्तात ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी तो वापरू शकत नाही.

आता दुसरा प्रश्न. ‘बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते’ हे वाक्य रसायनशास्त्राच्या विरुद्ध आहे. कुठलाही बंध तोडायला ऊर्जा घालावीच लागते. ती सुटते नवे बंध जुळताना. एटीपीचं पाण्याशी विघटन झालं की जे एडीपी आणि फॉस्फेट उरतात ते मूळ जोडीपेक्षा सुस्थितीत असतात: एकमेकांना लोटणारे ऋण भार लांब जातात आणि पाण्याचे रेणू त्यांना अधिक चांगलं वेढतात. प्रमाणित स्थितीत हा फरक मोलमागे ३०.५ किलोज्यूल. हा काही फार मोठा आकडा नाही. पेशीतच याहून दुपटीने वरचढ फॉस्फेट संयुगं आहेत.

खरी गोम प्रमाणात आहे. एटीपी, एडीपी आणि फॉस्फेट यांना मोकळं सोडलं तर समतोलाला पोचेपर्यंत एटीपी जवळपास उरणारच नाही. जिवंत पेशी त्यांना समतोलापासून दहा कोटी पटींच्या घरात दूर धरून ठेवते, आणि म्हणूनच पेशीत तोच फरक ५० किलोज्यूलच्या आसपास जातो. समतोलाला पोचलेल्या द्रावणात एटीपी असलं तरी त्याच्याकडून काडीचंही काम होणार नाही. बंध तेच, रेणू तोच. ऊर्जा रेणूत भरलेली नाही, ती त्या राखलेल्या अंतरात आहे.

आणि नुसत्या विघटनाने कामही होत नाही. परीक्षानळीत एटीपी फोडलं तर पाणी कोमट होईल, बस. पेशी फॉस्फेट पाण्याला न देता दुसऱ्या रेणूला देते. ग्लुकोजला फॉस्फेट जोडायला १३.८ किलोज्यूल घालावे लागतात, ते आपोआप होणार नाही. एटीपीकडून फॉस्फेट घेतलं की ३०.५ मधून १३.८ वजा जाऊन १६.७ उताराकडे उरतात आणि अभिक्रिया पुढे सरकते. याच रीतीने पेशीच्या पटलातला पंप एका एटीपीमागे ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत नेतो. प्रथिनाच्या साखळीत एक अमिनो आम्ल जोडायला एटीपी-जीटीपीचे मिळून ४ फॉस्फेट बंध खर्ची पडतात. आराम करणाऱ्या शरीराचा मोठा खर्च या दोन कामांतच आहे.

‘एटीपी म्हणजे साठा’ हा गैरसमज घालवायला एक हिशेब पुरतो. पडून राहिलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. दिवसाचे ३६० लिटर, म्हणजे सुमारे १६ मोल. ग्लुकोजमागे ६ ऑक्सिजन आणि ३० एटीपी, म्हणून एका ऑक्सिजनमागे ५. झाले ८० मोल. एटीपीचं रेणुभार ५०७, तेव्हा दिवसाला ४० किलो! गळती वजा केली तर थोडं कमी धरा. आणि एका वेळी शरीरात असतं ते फार तर १०० ग्रॅमच्या आसपास. एकेक रेणू दिवसातून शेकडो वेळा फुटतो आणि जोडला जातो. याला साठा म्हणत नाहीत, ही खेळती रोकड आहे. साठा मेदात आणि ग्लायकोजेनात असतो.

त्या साठ्यांबद्दल थोडं. पाल्मिटिक आम्लाच्या एका रेणूपासून याच पद्धतीने १०६ एटीपी मिळतात. वजनावर भाग दिला तर मेद ग्लुकोजच्या दुपटीहून जास्त देतो, शिवाय ग्लायकोजेन आपल्या वजनाच्या साधारण तिप्पट पाणी सोबत बाळगतं आणि मेद कोरडाच राहतो. पण ऑक्सिजनवर भाग देऊन पाहा: पाल्मिटिकला २३ ऑक्सिजन लागतात, म्हणजे एकामागे ४.६ एटीपी; ग्लुकोजला ६ लागतात, म्हणजे ३२ धरून ५.३. ऑक्सिजन तोकडा पडतो अशा जोरकस श्रमात स्नायू ग्लुकोजकडे का वळतात, याचं एक कारण या भागाकारात आहे. दुसरं कारण असं की ग्लुकोज ऑक्सिजनशिवायही थोडं देऊ शकतं, मेद अजिबात नाही.

त्या ऑक्सिजनविरहित वाटेबद्दल एक दुरुस्ती. किण्वनाने एटीपी मिळतं असं म्हणतात, पण पायरुव्हेटचं लॅक्टेट किंवा अल्कोहोल होताना एकही एटीपी बनत नाही. ते २ एटीपी आधीच्या दहा पायऱ्यांतलेच. पुढची धडपड एनएडीएचला रिकामं करण्यासाठी असते. पेशीत एनएडी, म्हणजे रिकामा हमाल, अगदी थोडं असतं. सगळे हमाल ओझं घेऊन अडकले की त्या दहांतली एनएडी लागणारी सहावी पायरी थांबते आणि ते २ एटीपीही बंद होतात. यीस्ट हे ओझं अल्कोहोलवर उतरवतं, स्नायू लॅक्टेटवर. १८० ग्रॅम ग्लुकोजचे ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतात, आणि बहुतेक ऊर्जा त्या अल्कोहोलातच पडून राहते. म्हणून तर ते जळतं.

वनस्पतींचा प्रश्न यामानाने सोपा आहे. हरितलवकात उजेडाने बनलेलं एटीपी बहुतांशी तिथेच साखर बनवण्यात संपतं: एका ग्लुकोजइतका कार्बन बांधायला १८ एटीपी आणि १२ एनएडीपीएच (एनएडीएचसारखाच इलेक्ट्रॉनवाहक). मुळं अंधारात असतात, रात्री तर सगळंच झाड अंधारात, आणि वाढणाऱ्या कोंबाला हरितलवकं नसतात किंवा नुकती बनत असतात. त्या सगळ्या पेशी साखर आणवून तंतुकणिकांतच जाळतात, तुमच्या-आमच्यासारख्याच. हिरव्या पानातही श्वसन दिवसा चालूच असतं, फक्त प्रकाशसंश्लेषणाच्या जोरापुढे ते दिसत नाही. उजेड कमी करत नेला की एका पातळीला दोन्ही बरोबरीत येतात आणि पान वायू घेतही नाही, देतही नाही. घरात कोपऱ्यात ठेवलेली रोपटी बहुधा याच रेषेच्या खाली जाऊन हळूहळू संपतात. पाणी जास्त झालं की कमी, यावर मग चर्चा होते.

कार्यक्षमतेचंही सांगायला हवं. ऑक्सिजनचा एक रेणू सोडायला किमान ८ प्रकाशकण लागतात, ग्लुकोजमागे ४८. ६८० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाचे इतके कण म्हणजे सुमारे ८४५० किलोज्यूल, आणि ग्लुकोजमध्ये येतात २८७०. एक तृतीयांश, उत्तमच. प्रत्यक्षात मात्र सूर्यप्रकाशाचा निम्म्याहून अधिक भाग पानाला वापरता न येणाऱ्या तरंगलांबींचा असतो, निळ्या कणाची जादा ऊर्जा उष्णतेत जाते, कार्बन पकडणारं रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी अधूनमधून ऑक्सिजनच पकडतं, आणि उरलेल्यातून श्वसन वजा होतं. नेहमीच्या पिकांसाठी सैद्धांतिक कमाल ४.६ टक्के, मका-उसासारख्या सी४ पिकांसाठी ६ टक्के, आणि शेतात याच्या कितीतरी खाली.

हे सगळं पडताळायचं असेल तर साधा श्वसनमापी पुरे. ५० मिलिलिटरची बाटली, घट्ट रबरी बूच, बुचातून १ मिलिमीटर आतला व्यास असलेली आडवी काचनळी आणि तिच्यात रंगीत पाण्याचा थेंब. बाटलीत २४ तास भिजवून कोंब फुटलेल्या २० बिया, आणि जाळीच्या छोट्या टोपलीत १५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवलेला कापूस, तो कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. हे द्रावण कातडी जाळतं, म्हणून हातमोजे घाला. बियांना लागलं तर त्या मरतील. बाटली पाण्याच्या टबात बुडवून दहा मिनिटं थांबा, मग थेंबाची जागा दर पाच मिनिटांनी लिहा.

बहुतेक प्रयोग तापमानापायी फसतात. १ अंश सेल्सिअसने हवा तापली तर ५० मिलिलिटरमध्ये ०.१७ मिलिलिटरची वाढ होते, आणि इतक्या बारीक नळीत त्याचा अर्थ थेंब २१ सेंटिमीटर सरकला! बाटली हाताने धरली तरी निकाल वाया. म्हणून शेजारी तेवढ्याच आकारमानाच्या काचगोळ्यांची दुसरी बाटली हवीच आणि तिचं सरकणं वजा करायचं. काहीजण उकळलेल्या बिया ठेवतात. त्या आधी जंतुनाशकात बुडवल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी त्यांच्यावरची बुरशीच श्वसन करू लागते. थेंब मुळीच हलत नसेल तर बुचाला व्हॅसलीन लावा.

मग तोच प्रयोग कापसाला नुसतं पाणी लावून करा. हायड्रॉक्साइड असताना थेंब सरकतो तो वापरलेल्या ऑक्सिजनएवढा, नसताना ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या फरकाएवढा. पहिल्यातून दुसरा वजा करून पहिल्याने भागा, म्हणजे सुटलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन मिळेल. पिष्टमय बियांना १ च्या जवळपास येईल, म्हणजे दुसऱ्या वेळी थेंब जागचा हललाच नसेल. तेलबियांना ०.७ कडे झुकेल, कारण पाल्मिटिकचे १६ कार्बन डायऑक्साइड भागिले २३ ऑक्सिजन हे तेवढंच होतं. आणि दुसऱ्या वेळी थेंब उलट बाजूला सरकून उत्तर १ च्या वर गेलं तर नळी तपासत बसू नका. बिया पाण्यात बुडून राहिल्या असतील किंवा साल जाड असेल, आणि आत ऑक्सिजन पोचत नसल्याने त्या किण्वन करत असतील. साल सोलून पुन्हा मोजा, आकडा खाली येतो.